दारू सोडलेल्यांच्या खोलीत एक जुगारी

वडीगोद्रीत हायवेला लागून माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती माझ्याकडं आणतात. मी जळकी तार उपसून काढतो, नवी भरतो, व्हार्निश पाजतो, उन्हात वाळवतो आणि परत देतो. वडिलांनीही हेच केलं. हात माझा चांगला आहे, हे माझे वैरीसुद्धा कबूल करतील, आणि वैरी मला भरपूर आहेत. त्यातले बहुतेक मी स्वतः तयार केले, दिवसाढवळ्या, फोनवरच्या पत्त्यांच्या खेळापायी.

खेळ सुरू कसा झाला हे लोकांना फार ऐकायचं असतं. त्यात काही नाही. व्हार्निश वाळेपर्यंत बसून राहावं लागतं आणि हातात फोन असतो, एवढंच. जिंकलो की वाटायचं, मला अक्कल आहे. हरलो की वाटायचं, समोरचा चोर आहे. पुढं पुढं जिंकण्याहरण्याचंही काही राहिलं नाही. बोट चालत राहिलं पाहिजे, बाकी जग मेलं तरी चालेल. मुलगी समोर येऊन काही विचारायची, मी हो म्हणायचो आणि काय विचारलं ते मला माहीत नसायचं. कुणी टोकलं तर अंगावर जायचो. पाच वर्षं असं चाललं.

तिसऱ्या वर्षी डावाला पैसे कमी पडायला लागले, तसा मी गिऱ्हाइकांच्या मोटारीत हात घातला. तांब्याची तार महाग, अॅल्युमिनियमची स्वस्त. दोन्हींवर वरून सारखाच तपकिरी लेप असतो. भरून, बांधून, व्हार्निश पाजल्यावर शेतकऱ्याच्या बापाला कळत नाही की आत काय आहे. मोटार चालते. फक्त जास्त दिवस चालत नाही.

त्या उन्हाळ्यात तीर्थपुरीच्या अलीकडचा एक मोसंबीवाला टेम्पोत घालून पाच एचपीची मोटार घेऊन आला. माणूस तोंडाचा फाटका, आणि सकाळी सकाळी दारूचा वास मारत होता.

"मिस्तरी, तांबंच भर. न्हाईतर समोर बसून भरून घेतो."

"बसा ना भाऊ. इश्वास नसंल तर बसा."

तो बसला नाही, आणि मी तांबं भरलं नाही.

वीस-बावीस दिवसांत मोटार जळाली. आंबे बहाराची मोसंबी तेव्हा लिंबाएवढी असतात. पाणी तुटलं की झाड ती टाकून देतं. तो माझ्या दुकानात शिव्या देतच शिरला. चार गिऱ्हाइकं बसलेली होती. मी मोटार उघडली, तपासल्याचं नाटक केलं, मान हलवली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "भाऊ, मोटार कोरडी चालली तुमची. विहिरीतलं पाणी तुटलं तरी चालूच होती. पिऊन झोपला असताल."

शिवी त्याच्या तोंडातच राहिली. त्यानं जमिनीकडं पाहिलं, कारण आपण त्या दिवशी पिऊन झोपलो होतो का नव्हतो, हे त्यालाच आठवत नव्हतं. मोटार परत टेम्पोत टाकून तो निघून गेला. जालन्याहून नवी आणून बसवेपर्यंत आठ-दहा दिवस गेले आणि बागेतला निम्मा माल झाडाखाली पडला, असं मला दुसऱ्याकडून कळलं. मी ऐकलं आणि पुढचा डाव लावला.

*

मला माझ्या बायकोनं पकडलं. ती गावातल्या बचत गटाची सचिव होती. गटाचे पैसे बँकेत भरायच्या आदल्या दिवशी आमच्या कपाटात होते. दुसऱ्या दिवशी नव्हते. दुपारी बायका आल्या, दहा जणी, आणि आमच्या ओट्यावर बसल्या. कुणी भांडत नव्हतं. मला वाटलं होतं बायको माझी बाजू सावरून घेईल, चोरी झाली म्हणेल, काहीतरी म्हणेल. ती दारात उभी राहिली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चोरी न्हाई झाली. माझ्या नवऱ्यानं फोनवर खेळून घालवले. मी भरून देणारे. पण झाकणार न्हाई."

तेव्हा मला तिचा इतका राग आला की मी तिच्या अंगावर धावून गेलो. दोन बायका मध्ये उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीच्या चुलत्याच्या मोटारीत मी अॅल्युमिनियम भरलं होतं. तिला ते माहीत नव्हतं.

बायकोनं माझा फोन काढून घेतला आणि बटणाचा साधा फोन हातात दिला. दुसऱ्या दिवशी एसटीनं मला जालन्याला घेऊन गेली. बसमध्ये माझ्याशेजारची जागा रिकामी होती, तरी ती दोन बाकडी पुढं बसली. सरकारी दवाखान्यात व्यसनी माणसांची समजूत घालणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी तासभर ऐकून घेतलं, औषध लागेल का ते डॉक्टरांना विचारलं, आणि म्हणाल्या, "हा आजार आहे. एकट्यानं सुटत नाही. जुगाराची वेगळी बैठक आपल्याकडं नाही. दारू सोडलेल्यांची आहे, दर रविवारी. मी त्यांच्याशी बोलते. तिथं जाऊन बसा."

"मी दारू पीत न्हाई," मी म्हणालो. "थेंब न्हाई घेतला कधी." मला त्याचा अभिमान होता.

"माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "तरी जा."

*

जालन्यातच एका बंद पडलेल्या शिकवणीच्या वर्गात ती बैठक भरायची. शाळेचे बाक, भिंतीला फळा, पंधरा-वीस माणसं. एक निवृत्त कंडक्टर काका बैठक चालवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला बोलायला लावलं. मी सांगितलं, पत्ते, फोन, बचत गट. बोलून झाल्यावर मागून कुणीतरी हसलं.

"आम्ही तरी पिऊन केलं रे," तो म्हणाला. "तू तर शुद्धीत होतास."

सगळे हसले. मी उठलोच होतो. तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरून आवाज आला, "ह्याला वळखतो मी. वडीगोद्रीचा मिस्तरी. काका, हे आपलं न्हाई. ह्याला दुसरीकडं धाडा."

तो मोसंबीवाला होता. आठ महिन्यांपासून पीत नव्हता. चेहऱ्याची सूज उतरली होती, डोळे स्वच्छ झाले होते, तोंड मात्र तसंच.

कंडक्टर काका म्हणाले, "तिकीट सगळ्यांचं सारखंच असतंय. बसू द्या त्याला."

मी बसलो ते त्यांच्यासाठी नाही. बायको बाहेर चपलांजवळ उभी होती म्हणून बसलो. पहिले दोन रविवार मी त्या लोकांचा मनापासून तिरस्कार केला. प्रत्येकाची रडगाणी, प्रत्येकाचं शेवटी टाळ्या घेणं. मी मनात म्हणायचो, ह्या दारुड्यांत मीच एक हुशार.

तिसऱ्या रविवारी मोसंबीवाला बोलायला उभा राहिला. दारू का सोडली ते सांगत होता.

"दोन वर्षांमागं मी पिऊन मोटार चालू ठेवली आन झोपलो," तो म्हणाला. "विहीर तुटली, मोटार कोरडी चालली, जळाली. बाग गेली त्या साली. बाप म्हणला, मी ह्या हातानं लावलेल्या झाडांचा माल तू तुझ्या हातानं मातीत घातला. बाप त्याच्यानंतर माझ्याशी बोललाच न्हाई. तसाच गेला. मला तर ती रात्र आठवत बी न्हाई. मिस्तरीनं सांगितलं तवा कळलं." आणि त्यानं माझ्याकडं बोट केलं. "ह्यानंच सांगितलं. इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. हो म्हणून.

ती मान मी कशी हलवली, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. भीती होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त राग होता. ह्यानं मला ह्या खोलीतून हाकलायला पाहिलं, आता ह्याच्यासाठी मी तोंड उघडू? त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्या पाण्याची चीड येत होती.

त्या आठवड्यात मी परत खेळलो. शेजारच्या पंक्चरवाल्याला म्हणालो, गिऱ्हाइकाला फोन लावायचाय, आणि त्याचा फोन घेऊन दुकानाच्या मागं जाऊन बसलो. अर्ध्या तासानं तो फोन परत मागायला आला तेव्हा पडद्यावर पत्ते होते. त्यानं फोन ओढून घेतला आणि संध्याकाळपर्यंत आख्ख्या बाजाराला सांगून टाकलं. बायकोनं मला जेवायला वाढलं, ताट माझ्यासमोर सरकवलं आणि म्हणाली, "रविवारी हे तिथं सांगायचं. न्हाई सांगितलं तर मी येऊन सांगीन."

मी बैठक सुरू व्हायच्या आधीच जाऊन कंडक्टर काकांना गाठलं आणि सांगितलं. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "आनखी काय दाबून ठेवलंय?"

"काही न्हाई."

"मिस्तरी, तीस वर्षं मी बिनतिकिटाची माणसं चेहऱ्यावरून वळखलीत."

मग मी सांगितलं. अॅल्युमिनियमचं, कोरड्या मोटारीचं, त्याच्या बापाचं.

"मला सांगून काय उपयोग," काका म्हणाले. "त्याला सांग. पण हितं न्हाई. त्याच्या घरी जा, बायको-पोरांसमोर सांग. ती त्याला धरून राहतील. आन ऐक, तो मारल तुला. मारू दे."

*

मी गेलो तो मंगळवार होता. त्याचं शेत तीर्थपुरीच्या रस्त्याला आहे. माझ्या बायकोनं माझ्याबरोबर यायला नकार दिला. "तुमचं तुम्ही निस्तरा," म्हणाली.

तो बागेत झाडांना आळी करत होता. मला पाहून खोरं थांबवलं. "हितं काय काम?"

"जुनी मोटार हाय का अजून?"

"गोठ्यात पडली. का? भंगारात घ्यायला आलास?"

"वहिनींना बी बोलवा," मी म्हणालो.

त्याची बायको आली, पदराला हात पुसत. मी गोठ्यातून मोटार ओढून बाहेर आणली, झाकण उघडलं, एक तार तोडून बाहेर घेतली आणि ब्लेडनं तिच्यावरचा लेप खरवडला. खाली पांढरं निघालं. तांबं लाल असतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तरी मी सांगितलं. सगळं सांगितलं. मोटार कोरडी चालली नव्हती. कोरडी चालली असती तर पाण्यानं थंड राहणारे सील आणि बुश आधी जळून गेले असते. ते दोन्ही शाबूत होते, मी त्या दिवशीच पाहिले होते. चार माणसांसमोर मी खोटं बोललो होतो. तो त्या दिवशी पिऊन झोपला असेल-नसेल, मोटार माझ्यामुळं जळाली.

मी मारायची वाट पाहत उभा होतो. त्यानं मारलं नाही. तार हातात घेतली, नखानं अजून थोडी खरवडली.

"बापाला ठाऊक न्हवतं," तो म्हणाला. मला नाही, तारेला म्हणत होता.

तोंड उघडलं ते त्याच्या बायकोनं. "दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं मी ह्याला बोलून राह्यले. जेवायच्या ताटावर बोलले. सोयऱ्यांसमोर बोलले. सासरे मरताना ह्याच्या हातचं पाणी घेईनात, तवा मी म्हणले, बराबर करतेत. आता ते बोललेलं मी कुठं न्हेऊन टाकू? सांग की रे मिस्तरी. कुठं टाकू?"

मी म्हणालो, "मारा मला, वहिनी."

तेव्हा तो वर पाहून म्हणाला, "मार खायला आलास का? मार खाल्ला की तुझं फिटलं, आसं? चल निघ. बिलकुल हात लावणार न्हाई मी तुला. रविवारी ये. तिथं सगळ्यांसमोर बोल. न्हाई आलास तर दुकानावर येतो."

मी पायी रस्त्यापर्यंत आलो. मला अजूनही त्याचा रागच येत होता, की त्यानं मला मोकळंसुद्धा होऊ दिलं नाही.

रविवारी मी बोललो. या वेळी कुणी हसलं नाही. ज्यानं पहिल्या दिवशी टोमणा मारला होता तो उठून माझ्या बाकावरून दुसऱ्या बाकावर गेला. एक जण म्हणाला, ह्याला पोलिसात द्या. कंडक्टर काकांनी मोसंबीवाल्याला विचारलं, तुला काही बोलायचंय का. तो उभा राहिला.

"मंगळवारी हा गेल्यावर मला प्यायची लई आठवण झाली," तो म्हणाला. "म्हणलं, मोटार आपण जाळलीच न्हवती तर सोडली कशापायी? बायको दारात आडवी बसली. मंग ध्यानात आलं, मोटार सोडून बी मी लई काय काय जाळलंय. ते ह्या मिस्तरीनं न्हाई केलं. ते माझं हाय." मग माझ्याकडं वळला. "तुला माफ न्हाई केलं. करणार बी न्हाई. पण तू परत खेळलास तर आनखी कुणाची तरी बाग जाईल. म्हणून मी बघून राह्यलो तुझ्याकडं."

*

आणि त्यानं बघितलं. दर बाजारच्या दिवशी तो वडीगोद्रीत यायचा, माझ्या दुकानात समोरची खुर्ची ओढायचा आणि माझ्या हाताकडं पाहत बसायचा. प्रत्येक तार खरवडून बघायचा. गिऱ्हाइकं घाबरून विचारायची, हे कोण, साहेब आहेत का? मी सांगायचो, ज्याला मी फसवलं तो माणूस आहे. काही जण मोटार उचलून परत न्यायचे. काही ठेवायचे. सकाळी दहाला माझ्या बटणाच्या फोनवर त्याचा फोन यायचा. "खेळलास का?" "न्हाई." फोन बंद. नमस्कार नाही, कसा आहेस नाही.

त्याच्याच सांगण्यावरून मी बाकीच्यांकडंही गेलो, ज्यांच्या मोटारीत मी अॅल्युमिनियम भरलं होतं. सहा जण होते. टेंभुर्णीकडच्या एकानं ऐकून घेतलं आणि कानाखाली वाजवली. एका म्हाताऱ्यानं चहा पाजला. ते जास्त लागलं. सगळ्या मोटारी मी तांब्यानं भरून दिल्या. त्याला दीड वर्ष लागलं. बचत गटाचं बायकोनं आणि मी मिळून भरलं. गटानं तिला परत सचिव केलं नाही. ती अजून गटात आहे, मागं बसते. याबद्दल मी काही बोलायला गेलो की उठून जाते.

पुढं ते खेळ कायद्यानं बंद झाल्याचं कळलं. पंक्चरवाला मुद्दाम सांगायला आला, आता तुझं काय होणार रे. मला त्याचा विशेष आनंद झाला नाही. एक दार बंद झालं की दुसऱ्या नावानं दुसरं उघडतं, हे मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी साध्याच फोनवर आहे.

मागच्या हिवाळ्यात बैठकीत एक नवा माणूस आला. तिशीतला, शाळेत शिक्षक, इस्त्रीचा शर्ट. तो क्रिकेटवर पैसे लावायचा. उभा राहून छान भाषण केल्यासारखं बोलला, की थोडंसं होतं, आता पूर्ण बंद आहे, घरचे उगाच काळजी करतात. मी ऐकून घ्यायला पाहिजे होतं. मी उठलो आणि म्हणालो, "खोटं बोलायला एवढ्या लांब कशाला आलास? ते घरी बसून बी बोलता येतं."

त्याचा चेहरा पडला. तो पिशवी उचलून निघून गेला. मोसंबीवाला म्हणाला, "लई शहाणा झालास का? चल. जा त्याच्यामागं."

तो मला स्टँडवर सापडला, अंबडच्या गाडीची वाट पाहत, बाकड्याच्या टोकाला. मी शेजारी जाऊन बसलो. त्यानं तोंड फिरवलं. मी दोन चहा सांगितले. त्याचा त्यानं घेतला नाही, तो बाकावर तसाच निवत राहिला. गाडी लागली, भरली, गेली. तो उठला नाही.

मग तो म्हणाला, "बंद न्हाई झालेलं. बैठकीत बसल्या बसल्या बी पैसे लावले मी. आत्ता. खिशातल्या फोनवर."

"दे हिकडं," मी म्हणालो.

त्यानं फोन काढला. हातात घट्ट धरून बसला. दिला नाही. मी ओढून घेतला नाही. पुढची गाडी पाऊण तासानं होती. आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.